हातांना व्हिसा लागत नाही

सप्टेंबर 1888 च्या अखेरीस मोहनदास गांधी हे अठरा वर्षांचे विद्यार्थी इंग्लंडच्या किनाऱ्याला लागले. बोटीवर त्यांनी काळा सूट वापरला होता. पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट उतरायच्या दिवसासाठी खास राखून ठेवला होता. परमुलखात पहिलं पाऊल टाकताना पांढऱ्यातच आपण शोभून दिसू, असा त्यांचा हिशेब. उतरून पाहतात तो पांढऱ्या कपड्यांतले ते एकटेच. बदलावेत तर सामान आणि किल्ल्या एजंटाच्या हवाली केलेल्या, त्यात दुसऱ्या दिवशी रविवार. हॉटेलात त्यांना एका छोट्या खोलीत नेलं. इथे जरा वेळ बसायचं असेल असं त्यांना वाटलं, तर ती खोलीच वरच्या मजल्यावर निघाली. ती लिफ्ट होती. रात्री डॉ. प्राणजीवन मेहता भेटायला आले. त्यांची उंच हॅट किती मऊ आहे ते पाहायला गांधींनी तिच्यावरून हात फिरवला, तोही उलट्या दिशेने, आणि हॅटची लव विस्कटली. मेहतांनी जरा रागानेच त्यांना थांबवलं आणि तिथल्या तिथे शिकवणी घेतली: दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, पहिल्याच भेटीत आपल्याकडे विचारतात तसे प्रश्न विचारायचे नाहीत, मोठ्याने बोलायचं नाही.

या सगळ्या फजितीत लिफ्ट सोडली, तर अज्ञान कुठेच नाही. समारंभाला पांढरं शोभतं, ओळखीच्या माणसाची वस्तू हातात घेऊन पाहण्यात आपुलकी असते, हे सगळं राजकोटात अगदी बरोबर होतं. गांधींना नियम ठाऊक नव्हते असं नाही. एका गावाचे नियम त्यांना फार पक्के ठाऊक होते. परदेशात नव्याने गेलेल्या माणसाची जी त्रेधातिरपीट उडते, तिचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. डोक्याला कळलेलं असतं की आपण दुसऱ्या देशात आलो. हातापायांपर्यंत ती बातमी पोहोचायला बराच वेळ लागतो.

कॅलर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने 1954 मध्ये रिओ दि जानेरोतल्या एका महिला मंडळात व्याख्यान दिलं. समोर नवऱ्यांच्या नोकरीपायी ब्राझीलमध्ये येऊन पडलेल्या बायका बसल्या होत्या. 'कल्चर शॉक' हे शब्द त्याआधीही वापरले गेले होते, पण ते गाजले ओबर्गमुळे. त्याचं म्हणणं असं: माणूस आपल्या गावात हजारो बारीक खुणांच्या आधारावर वावरतो. हात केव्हा मिळवायचा, बक्षिशी केव्हा द्यायची, कुणाचं बोलणं मनावर घ्यायचं आणि कुणाचं सोडून द्यायचं, याचा विचार तो करत नाही. ते आपोआप घडतं. परदेशात या खुणा एकदम नाहीशा होतात आणि माणूस अस्वस्थ होतो. ओबर्गने भर दिला तो मनाच्या घालमेलीवर. या प्रकरणात आपण त्याच गोष्टीची हसरी बाजू पाहू, आणि तीही मुख्यतः अमेरिकेतली. 1965 च्या कायद्याने अमेरिकेने आशियाई स्थलांतरितांना दार उघडलं, तेव्हापासून आपले डॉक्टर, इंजिनिअर, विद्यार्थी आणि पुढे सॉफ्टवेअरवाले तिथे उतरत आहेत, आणि त्यांच्या पहिल्या महिन्यातल्या फजित्यांत आश्चर्य वाटावं इतकं साम्य आहे.

दिवा, मजला आणि तारीख

सुरुवात भिंतीवरच्या बटणापासून होते. आपल्याकडे बटण खाली दाबलं की दिवा लागतो. ही इंग्रजांकडून आलेली रीत. अमेरिकेत बटण वर केलं की लागतो. त्यामुळे नवा माणूस लागलेला दिवा 'लावायला' जातो आणि अंधार करून बसतो. फोन चार्जिंगला लावला की प्लगच्या शेजारी बटण शोधतो. ते नसतंच, तिथल्या सॉकेटमध्ये वीज कायम खेळती असते. मग बॅगेतून आईने कौतुकाने दिलेला मिक्सर निघतो. दुकानातून प्लगचा अडॅप्टर आणलेला असतो, पिना बसतात, आणि मिक्सर दमेकऱ्यासारखा घरघर करत राहतो. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. आपली वीज 230 व्होल्टची, अमेरिकेतली 120 व्होल्टची. इस्त्रीसारख्या तापणाऱ्या वस्तूचा तर हिशेबच मांडता येतो: दाब निम्म्यावर आला की शक्ती निम्मी होत नाही, जवळजवळ पाव होते. हजार वॉटची भारतीय इस्त्री तिथे पावणेतीनशे वॉटची उरते आणि शर्ट फक्त कोमट करते. म्हणूनच तिथल्या भारतीय दुकानांत 110 व्होल्टचे मिक्सर वेगळे मिळतात आणि पहिल्या महिन्यातच खपतात.

दुसरा घोळ मजल्यांचा. अमेरिकेत जमिनीलगतचा मजला हाच पहिला. मित्राने 'दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डावीकडे' असं सांगितलेलं असतं. आपला माणूस दोन जिने चढतो आणि तिसऱ्या मजल्यावर पोहोचून डावीकडच्या अनोळखी दाराला किल्ली लावायचा खटाटोप करू लागतो. किल्ली फिरत नाही, तो जोर लावतो, आणि आतून कुणीतरी घाबऱ्याघुबऱ्या विचारतं, कोण आहे? इंग्लंडला गेलेल्यावर ही वेळ येत नाही, कारण मजले मोजायची आपली रीत तिथलीच आहे.

तारखेचा सापळा यापेक्षा लबाड. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. 25/12 वाचताना गोंधळ होत नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. दिवस आणि महिना दोन्ही बारापर्यंतचे असले आणि एकच आकडा नसला, तरच फसगत होते. अशा तारखा वर्षाला 132 भरतात. म्हणजे सापळा फक्त प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत लागतो, पुढचे दिवस सुरळीत जातात, आणि माणूस गाफील राहतो. 5/8 ला बोलावलेला उमेदवार 8 मे रोजी पोहोचायच्या ऐवजी ऑगस्टची वाट पाहत बसू शकतो. दुधाच्या डब्यावर 6/11 वाचून तो नोव्हेंबरपर्यंत निश्चिंत होऊ शकतो. नाकाला मात्र ते जूनमध्येच कळतं.

हवेचा अंदाज घेणं तर फारच मजेचं. फॅरनहाइट आपल्याला परका नाही. ताप आपण आजही त्यातच मोजतो; 'एकशे दोन आहे' म्हटलं की घरातले सगळे गंभीर होतात. पण आपला फॅरनहाइट काखेतल्या थर्मामीटरपुरता. हवा आपण सेल्सिअसमध्ये मोजतो. त्यामुळे सकाळी फोनवर 40 हा आकडा दिसला, बाहेर लख्ख ऊन दिसलं, की नागपूरचा माणूस अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून निघतो. ते 40 म्हणजे आपले साडेचार अंश. ऊन म्हणजे उकाडा हे जन्मभराचं समीकरण कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत टिकतं. तिथल्या जुन्या मंडळींची सोपी युक्ती अशी: आकड्यातून तीस वजा करा आणि उरलेल्याचं निम्मं करा. उत्तर काटेकोर येत नाही, पण स्वेटर घालायचा की नाही एवढं कळतं.

फोडणी आणि अग्निशमन दल

अमेरिकेतल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या कोणत्याही कंपूत बसा, एकाची तरी ही गोष्ट असतेच. ती सावकाश पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यात प्रत्येक पायरीवर माणूस शहाणपणाचंच वागतो.

संध्याकाळची वेळ. तेल तापलंय. नव्या देशातली विजेची शेगडी अंगवळणी पडलेली नाही. गॅससारखी आच झटकन कमी होत नाही, बटण फिरवलं तरी तवा तापलेलाच राहतो. मोहरी पडते, तडतडते, हिंग, मग सुक्या मिरच्या. मिरच्या काळ्या पडतात आणि घरभर ठसका उठतो. शेगडीवरचा पंखा लावलेला असतो, पण तिथल्या बऱ्याच फ्लॅटमधला पंखा धूर बाहेर टाकतच नाही. जाळीतून गाळून तीच हवा परत स्वयंपाकघरात सोडतो. आणि छतावरची ती पांढरी चकती किंचाळू लागते.

ही चकती आपल्या घरांत नसते, म्हणून तिची ओळख करून घ्यायला हवी. तिचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात अमेरिशियम-241 हे किरणोत्सारी मूलद्रव्य असतं, एका ग्रॅमच्या दहा लाखांश भागाचाही जेमतेम तिसरा हिस्सा. त्याच्या किरणांमुळे आतल्या हवेतून वीज झिरपत राहते. हवेत बारीक कण शिरले की तो प्रवाह अडतो आणि भोंगा वाजतो. दुसऱ्या प्रकारात प्रकाशाचा झोत असतो. कणांवर आपटून तो विखुरला की भोंगा वाजतो. दोन्ही यंत्रं मोजतात ते कण. ते कण पेटलेल्या गादीचे आहेत की फोडणीतल्या तेलाचे, हा भेद त्यांना कळत नाही. पहिला प्रकार तर बारीक कणांना जास्त हळवा, आणि कडक तापलेल्या तेलातून असेच कण उडतात. भोंग्याचा आवाज दहा फुटांवरही 85 डेसिबल असावा लागतो, कारण गाढ झोपेतल्या माणसाला उठवायचं हेच त्याचं काम.

आता खरी चूक होते. घरात धूर झाला तर आपण काय करतो? दार उघडतो. वाऱ्याची आरपार वाट मोकळी करतो. वाड्यात, चाळीत, गॅलरीच्या इमारतीत दार उघडलं की धूर मोकळ्या हवेत जातो. अमेरिकेतल्या फ्लॅटचं दार मात्र बंदिस्त, गालिचा घातलेल्या कॉरिडॉरमध्ये उघडतं. फ्लॅटमधला भोंगा बहुतेक ठिकाणी त्या फ्लॅटपुरताच वाजतो. कॉरिडॉरमधला भोंगा सगळ्या इमारतीशी आणि अनेकदा थेट बाहेरच्या देखरेख केंद्राशी जोडलेला असतो. दार उघडताच ठसका कॉरिडॉरमध्ये जातो आणि अख्खी इमारत वाजू लागते. पाच मिनिटांत सगळे भाडेकरू खाली: कुणी आंघोळीच्या पंचावर, कुणी मांजर कवटाळून, बहुतेकांच्या पायांत घरातल्या सपाता आणि खाली बर्फ. लाल गाड्या येतात. शिरस्त्राणं घातलेली माणसं वर जातात, कढईत डोकावतात. आमटीला फोडणी पडलेली असते. आपला माणूस खाली त्याच गर्दीत उभा राहून, कुणाकडे बरं लागली असेल आग, असा चेहरा करतो. कपड्यांना येणारा हिंगाचा वास त्याला साथ देत नाही.

उपाय साधा आहे: दार बंद, खिडकी उघडी, आणि मिरची घालायच्या आधी आच उतरवलेली. काही जण भोंग्यावर प्लास्टिकची पिशवी बांधतात. हा उपाय मात्र करू नये. अमेरिकेतली बरीच घरं लाकडी सांगाड्याची असतात आणि खरी आग लागली तर हातात फार थोडा वेळ उरतो. त्याच चकतीची बॅटरी संपत आली की ती दर मिनिटाला एकदा बारीक 'चीक' करते. घरात पाखरू शिरलंय म्हणून कपाटं सरकवून शोध घेणारे नवखे काही कमी नाहीत.

कोरडी न्हाणी आणि साबणाचा पूर

न्हाणीघर म्हणजे पाणी सांडायची जागा, ही आपली पक्की समजूत. फरशीला उतार असतो, कोपऱ्यात जाळी असते, शनिवारी दोन बादल्या ओतून खराट्याने घासलं की न्हाणीघर लख्ख. नव्या घरात आलेली गृहिणी पहिल्या शनिवारी हेच करते. दोन बादल्या ओतते, घासते, आणि पाणी कुठे जातं ते पाहते. ते कुठेच जात नाही. टब सोडला तर बाहेरच्या फरशीला जाळीच नाही. थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दारात उभे राहतात. त्यांच्या छतातून साबणाचं पाणी ठिबकतंय.

कारण बांधकामात आहे. आपल्याकडे दोन मजल्यांमध्ये सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब असतो. तिथल्या पुष्कळ घरांत लाकडी तुळया, त्यांवर प्लायवुड आणि खाली जिप्समच्या पातळ फळ्यांचं छत. पाण्याला ते तोंड देऊ शकत नाही. म्हणून सगळं पाणी टबातच राहावं अशी व्यवस्था असते, आणि शॉवरचा पडदा टबाच्या आत सोडायचा असतो. नवखा माणूस तो दिसायला बरा दिसतो म्हणून बाहेर सोडतो आणि आंघोळ संपेपर्यंत बाहेरची सतरंजी पोहू लागते. संडासात तांब्या किंवा मग नसल्याची अडचण तर सगळ्यांनाच येते. त्यावर कित्येक घरांनी शोधलेला तोडगा म्हणजे बागेतल्या झाडांना पाणी घालायची लांब चोचीची झारी. घरात एक कुंडी नसताना कमोडशेजारी झारी का, हा प्रश्न अमेरिकी पाहुणे विनयाने विचारत नाहीत.

डिशवॉशरची गोष्टही अशीच सरळ तर्काची. भांडी घासायचं लिक्विड भांड्यांसाठी असतं. हे यंत्र भांडी घासतं. म्हणून ते लिक्विड यंत्रात घालायचं. तर्कात खोट नाही. हाताने घासायच्या लिक्विडमध्ये भरपूर फेस देणारी द्रव्यं असतात, कारण फेस दिसला की आपल्याला स्वच्छतेची खात्री पटते. डिशवॉशरच्या पावडरीत उलट फेस न देणारी द्रव्यं, सोडा आणि डाग खाणारी विकरं असतात. यंत्रात पाण्याचे फवारे वेगाने आपटत असल्यामुळे चमचाभर लिक्विडचाही डोंगर होतो. दाराच्या फटीतून फेस बाहेर येतो, कपाटांखाली शिरतो, आणि पंपात पाण्याऐवजी हवा भरून यंत्र नुसतंच गुरगुरतं. पुसायला जावं तर फडक्यातल्या पाण्याने फेस आणखी वाढतो. त्यावर मीठ, व्हिनेगर किंवा थोडं खाद्यतेल घालायचं, फेस बसतो. नवं घर लागल्यावर पहिल्या आठवड्यात डिशवॉशरमध्ये तेल ओतायची वेळ यावी, याहून अस्सल गृहप्रवेश कुठला!

नऊ-एक-एक

काही फजित्या हसण्यावारी नेण्याआधी घाम फोडतात. 16 फेब्रुवारी 1968 रोजी अलाबामा राज्यातल्या हेलिव्हिल गावात अमेरिकेतला पहिला 911 फोन लागला, आणि पुढे तोच क्रमांक देशभर आणीबाणीसाठी ठरला. योगायोग असा की भारताचा कोड 91 आणि दिल्लीचा 11. साध्या फोनवरून दिल्लीला लावताना आधीचे 011 विसरले, की पहिले तीन आकडे होतात 9-1-1, आणि पलीकडून आवाज येतो, 'काय आणीबाणी आहे?' ऑफिसमधला फोन तर याहून धोक्याचा. बाहेरची लाइन मिळवायला 9, दूरच्या गावासाठी 1, आणि बोट चुकून 1 वर दुसऱ्यांदा पडलं की झालं.

खरी चूक त्यानंतरची. घाबरून माणूस फोन आपटतो. आपल्याकडे राँग नंबर लागला की हाच शिष्टाचार. तिथे मात्र बोलता बोलता तुटलेला 911 फोन म्हणजे संकटात सापडलेला माणूस. केंद्रातून उलट फोन येतो. तोही घाबरून उचलला नाही, तर दारात पोलीस येऊ शकतात. 'चुकून लागला, सगळं ठीक आहे' एवढं फोनवरच सांगितलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. मोबाइल आल्यापासून ही फजिती कमी झाली, कारण आता अधिकाचं चिन्ह दाबून काम भागतं.

रस्त्यावर पोलिसाने अडवल्यावरही आपले पाय दगा देतात. पुण्यात किंवा ठाण्यात हवालदाराने शिट्टी मारली की चालक गाडी कडेला लावून खाली उतरतो, कागद घेऊन त्याच्याकडे जातो, आवाज मऊ करतो. आदर दाखवायचा तो असाच. अमेरिकेत मागे लाल-निळे दिवे दिसले की गाडी थांबवून आत बसून राहायचं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे असतात. दार उघडून भराभरा आपल्याकडे येणारा माणूस पोलिसाला धोक्याचा वाटतो. आदर दाखवायला निघालेल्या माणसावर तो ओरडतो, 'गाडीत बसा!', आणि हा आणखी नम्रपणे आणखी दोन पावलं पुढे टाकतो.

रस्ता ओलांडताना आपण आधी उजवीकडे पाहतो, कारण आपल्याकडे जवळच्या बाजूची वाहनं उजवीकडून येतात. अमेरिकेत ती डावीकडून येतात. ही चूक फक्त आपलीच नाही. डिसेंबर 1931 मध्ये विन्स्टन चर्चिल न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर गाडीतून उतरले, इंग्लंडच्या सवयीने नको त्या बाजूला पाहून चालू लागले आणि मोटारीखाली आले. जबर जखमी झाले, वाचले. लंडनच्या चौकांत आज रस्त्यावरच मोठ्या अक्षरांत 'उजवीकडे पाहा' असं रंगवलेलं असतं. परक्याची मान कुठे वळते हे ओळखून शहरानेच केलेली ती सोय.

चार ते सहा

यंत्रांच्या फजित्या लवकर कळतात, कारण यंत्र वाजतं किंवा फेसाळतं. माणसांतल्या फजित्यांना भोंगा नसतो. शेजाऱ्याच्या मुलाचा वाढदिवस आहे, निमंत्रणात लिहिलंय 'चार ते सहा'. आपल्याकडे कार्यक्रमाची सुरुवात छापतात, शेवट नाही. आणि सुरुवातीलाच पोहोचलं तर यजमान अजून टेबलावर चादर घालत असतात. त्यामुळे मराठी कुटुंब विचारपूर्वक पावणेसहाला पोहोचतं. तोवर केक संपलेला, फुगे उतरवलेले, यजमान कचऱ्याची पिशवी बांधतायत. 'सहा' हा आकडा निरोपाचा होता, आणि तो अक्षरशः घ्यायचा होता.

खाण्याचं तर आणखी वेगळं. मराठी घरात पहिल्यांदा विचारलं की 'नको, नको, आत्ताच झालंय' म्हणायचं असतं. यजमानाने पुन्हा आग्रह करायचा, आपण पुन्हा 'अहो, खरंच नको', आणि तिसऱ्या खेपेला 'बरं, अर्धीच द्या'. पंगतीतला आग्रह हा दोघांनी मिळून खेळायचा खेळ आहे. अमेरिकी यजमान विचारतो, 'कॉफी घेणार?' पाहुणा म्हणतो, 'नको.' यजमान बरं म्हणून आपला कप भरून घेतो. पाहुणा पुढचा तासभर त्या वाफेकडे पाहत राहतो. यजमान कंजूष नाही. समोरच्याच्या 'नको'वर विश्वास ठेवणं हाच त्याच्या लेखी आदर.

एडवर्ड हॉल हा मानववंशशास्त्रज्ञ 1950 च्या दशकात परदेशी जाणाऱ्या अमेरिकी अधिकाऱ्यांना अशाच गोष्टी शिकवत होता. म्हणजे परदेशात गडबडणं ही काही एकट्या भारतीयांची मिरास नाही. 'द हिडन डायमेन्शन' या 1966 च्या पुस्तकात त्याने माणसामाणसांतली अंतरं मोजून मांडली. मध्यमवर्गीय अमेरिकी माणूस मित्राशी बोलताना साधारण दीड ते चार फूट अंतर ठेवतो. दीड फुटाच्या आत फक्त जिवलगांना जागा. मुंबईच्या लोकलमध्ये वाढलेल्या माणसाला हे अंतर म्हणजे रिकामी जागा वाटते. बँकेच्या रांगेत पुढच्या माणसानंतर चार फूट मोकळे दिसले की तो ते भरून काढतो, कारण दादरला चार फूट मोकळे सोडले तर तिथे तिघं शिरतात. पुढचा माणूस अस्वस्थ होऊन अर्धं पाऊल सरकतो; हा शिस्तीने रांग पुढे सरकली म्हणून अर्धं पाऊल सरकतो. असं करत दोघं जोडीने काउंटरपर्यंत पोहोचतात.

हातांना कधी कळतं?

हे सगळं किती दिवस चालतं? नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेर लिसगार्ड यांनी 1955 मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांवरून एक आलेख सुचवला: सुरुवातीला नवलाई, मग घसरण, मग पुन्हा चढ. इंग्रजी 'यू' सारखा. बरीच वर्षं तो पाठ्यपुस्तकांत मिरवला. पुढे कॉलिन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमधल्या जपानी विद्यार्थ्यांची पाहणी केली आणि 1998 मध्ये मांडलं की नवलाईचा काळ वगैरे दिसत नाही. सर्वांत अवघड जातात ते अगदी सुरुवातीचेच दिवस. नव्या घराच्या बटणांशी झुंजलेल्या कुणालाही हे पटेल. वॉर्ड यांनी आणखी एक भेद केला, तो इथे फार उपयोगी आहे. मनाला बरं वाटणं वेगळं आणि रोजचे व्यवहार जमणं वेगळं. दुसरी गोष्ट कौशल्यासारखी शिकली जाते: आधी भराभर, मग हळूहळू, आणि एक दिवस शिकलोय हेही लक्षात राहत नाही.

ती शिकून झाली की उलटा प्रकार सुरू होतो. गलहॉर्न दांपत्याने 1963 मध्ये दाखवलं की मायदेशी परतल्यावरही माणूस पुन्हा तसाच गडबडतो. सुट्टीत ठाण्याला आलेला मुलगा बटण वर करून दिवा घालवतो. झेब्रा पट्ट्यांवर उभा राहून गाडी थांबायची वाट पाहतो. गाडी थांबत नाही, मागचे लोक त्याला वळसा घालून निघून जातात. मामीने पहिल्यांदा विचारल्याबरोबर 'हो, वाढा' म्हणतो आणि मामी मनातल्या मनात म्हणते, पोराची तिकडे आबाळ होतेय.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. परदेशी निघालेल्याला सल्ला द्यायला पंचवीस वर्षं तिथे राहिलेले काका पुढे येतात. ते कर्ज, विमा, मुलांच्या शाळा यांबद्दल मोलाचं सांगतात. पण शॉवरचा पडदा आत सोड, असं ते सांगणार नाहीत. त्यांच्या हातांना ते इतकं मुरलंय की त्यात सांगण्यासारखं काही आहे, हेच त्यांना दिसत नाही. त्यासाठी गेल्या ऑगस्टमध्ये गेलेला विद्यार्थी गाठावा. त्याच्या फ्लॅटमध्ये पहिल्या दिवशी अर्धा तास उभं राहावं आणि त्याने बोट दाखवून म्हणावं: हे बटण वर, ही खिडकी फोडणीआधी उघड, हे दार मुळीच उघडू नकोस, या बाटलीतलं या यंत्रात घालू नकोस. प्रत्येक सूचनेमागे त्याची एकेक ताजी फजिती असते आणि म्हणूनच त्याच्या यादीत एकही सूचना फालतू नसते. मात्र त्याला वेळेत गाठायला हवं. आणखी दोन वर्षांनी तोही यातलं निम्मं विसरलेला असेल.